बार्कोलाची बाजू घेणारं कोणीतरी पाहिजे ना राव

काल ग्रुपवर परत बार्कोलाची टिंगल सुरू झाली. तेच ते, "समोर फक्त गोलकीपर होता तरी बाहेर मारला", खाली दहा-बारा हसणारे इमोजी, आणि मग कोणीतरी त्याच्याच क्लबमधल्या दुएचा फोटो टाकून "हा बघा खरा विंगर". मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं ग्रुपवर कोण वाचणार, इथेच टाकू. फुटबॉलशी घेणंदेणं नसेल तर खुशाल पुढे स्क्रोल करा, रागावणार नाही.

तर ब्रॅडली बार्कोला. पीएसजी म्हणजे पॅरिसच्या क्लबचा २९ नंबर, डावीकडचा विंगर (कडेनं पळणारा फॉरवर्ड), ल्यों शहराचा पोरगा, जन्म सप्टेंबर २००२ चा. घरचे मूळचे टोगोचे. मोठा भाऊ माल्कम हा गोलकीपर आहे आणि तो टोगोकडूनच खेळतो. (घरात गोलकीपर असून गोलकीपर समोर आला की याची गडबड होते, हा जोक मीच आधी करून टाकतो म्हणजे तुम्हाला करायला नको.)

ल्यों क्लबची अकादमी (पोरं घडवणारी शाळा) म्हणजे काय ते तिथूनच आलेले बेन्झेमा आणि लाकाझेट बघितलेल्यांना सांगायची गरज नाही. बार्कोला तिथे लहानपणापासून होता, पण सीनियर टीममध्ये यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला, म्हणजे वय १९. आपल्याला १९ लहान वाटतं पण हल्ली बार्सिलोनाचा यामाल वगैरे पोरं १६-१७ ला फायनल गाजवतात, त्यामानाने हा उशिराच. शेर्की त्याच अकादमीतला, त्याच्यापेक्षा वर्षभराने लहान, आणि त्याची बोंबाबोंब शाळेत असल्यापासून होती. बार्कोलाची कोणी एवढी चर्चा केली नव्हती. मला वाटतं त्याचं सगळं करिअरच असं आहे, शेजारी कायम कोणीतरी जास्त चमकणारा उभा.

मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं ते २ एप्रिल २०२३ ला. पॅरिसमध्ये पीएसजी विरुद्ध ल्यों. समोर एम्बापे, मेस्सी, आणि त्या रात्री पॅरिसचे लोक स्वतःच्याच मेस्सीला शिट्ट्या मारत होते (आपल्याकडची शिट्टी नव्हे हां, तिकडे शिट्टी म्हणजे शिवी). मॅच ०-१ संपली, गोल एकच आणि तो बार्कोलाचा. मी तेव्हा नाव गुगल केलं होतं. पाच महिन्यांनी, ३१ ऑगस्ट २०२३ ला, खेळाडू विकत घ्यायची मुदत (विंडो) संपत आली असताना पीएसजीनं त्याला साडेचार कोटी युरो देऊन उचललं, वर पन्नास लाखांचे बोनस वेगळे. म्हणजे ज्यानं घरात घुसून हरवलं त्यालाच घरी आणलं. ल्योंच्या तिजोरीची अवस्था तेव्हा वाईट होती, फ्रान्समध्ये क्लबांचे हिशोब तपासणारी एक समिती असते तिनं त्यांच्या पगारखर्चावर बंधन घातलं होतं. घरचं पोरगं विकलं आणि त्याच सीझनमध्ये टीम टेबलच्या तळाला जाऊन बसली. मे २०२४ मध्ये फ्रेंच कपच्या फायनलला समोर ल्योंच होती, आणि पीएसजी २-१ जिंकली. त्या पोराच्या पोटात काय होत असेल कुणास ठाऊक.

आता मुद्द्याचं. लोक विंगरला गोलवर मोजतात, तिथेच घोळ आहे. मी स्वतः कॉलेजात असताना पेठेच्या टीमकडून लेफ्टला खेळलोय, शाहू स्टेडियमवर, खेळलोय म्हणजे खेळलो कमी आणि उभा जास्त राहिलो, चुन्याच्या रेघेला चिकटून हात वर करायचा आणि बॉल दुसरीकडेच जायचा, साठाव्या मिनिटाला आमचे कोच न चुकता मलाच बाहेर काढायचे. पण एक कळलं. तुम्ही त्या रेघेवर नुसते उभे असलात तरी समोरचा राईट बॅक (उजवीकडचा डिफेंडर) आत सरकू शकत नाही, आणि तो सरकला नाही की मध्ये जागा होते, आणि त्या जागेत दुसरा कोणीतरी गोल मारून पेपरात येतो. बार्कोलाचं निम्मं काम हे आहे. उरलेलं निम्मं म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून एकदम सुटणं. बॉल पायाशी, बॅक समोर, दोघंही जागेवर, आणि मग हा बॉल तीन-चार फूट पुढे टोचतो आणि सुटतो. स्टेपओव्हर नाही, सर्कस नाही, नुसता वेग.

याचं सगळ्यात भारी उदाहरण एप्रिल २०२४, बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) क्वार्टर फायनलची दुसरी लेग, म्हणजे दोन मॅचमधली दुसरी, गोल दोन्हींचे मिळून मोजतात. पीएसजी पहिली लेग घरी २-३ हरलेली, इथे परत पहिल्यांदा गोल खाल्लेला, म्हणजे काम जवळपास संपलेलं. २९ वं मिनिट. बार्कोला मागून सुटला आणि बार्सिलोनाच्या अराउहोला त्याला खाली पाडण्याशिवाय पर्यायच उरला नाही. रेड कार्ड. तिथून मॅच फिरली, ४-१ झाली. गोल देम्बेले, विटिन्या आणि एम्बापेचे, हेडलाईन एम्बापेची. बार्कोलाच्या खात्यात देम्बेलेच्या गोलचा पास आला, पण तो मिळवलेला फाऊल? स्टॅट्समध्ये त्याला किती मार्क असतात सांगा बरं.

मग एम्बापे रेआल माद्रिदला गेला आणि डावी बाजू रिकामी झाली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा सगळे म्हणत होते पीएसजी संपली. बार्कोलानं फ्रेंच लीगच्या पहिल्या ११ मॅचमध्ये १० गोल मारले. दहा! त्याच काळात, ६ सप्टेंबर २०२४ ला, फ्रान्स विरुद्ध इटली, मॅच सुरू होऊन पंधरा सेकंदही झाली नव्हती आणि यानं इटलीच्या दी लोरेन्झोच्या पायातून बॉल काढून गोल केला. फ्रान्सच्या इतिहासातला सगळ्यात फास्ट गोल. बावीस वर्षं पूर्ण होऊन चारच दिवस झालेले. आणि मॅच? फ्रान्स १-३ हरलं. झालं, रेकॉर्ड गेलं वाहून, दुसऱ्या दिवशी चर्चा कोच डेशांच्या डावपेचांची.

नोव्हेंबरनंतर त्याचा गोलांचा नळ आटला हे खरंय, खोटं कशाला बोलू. मी बाजू घेतोय म्हणून आंधळा नाही. गोलकीपर एकटा समोर आला की त्याचे खांदे आखडतात, शेवटच्या टचला बॉल अर्धा फूट लांब जातो, आणि मग तो घाईत मारतो. हे मी दहा वेळा बघितलंय. जानेवारी २०२५ मध्ये क्लबनं नापोलीहून क्वारात्सखेलियाला आणलं, सुमारे सात कोटी युरो, आणि पोझिशन कुठली? डावी! देम्बेले मध्ये खेळायला लागला होता म्हणून उजवी बाजू मोकळी झाली, तर तिथे १९ वर्षांचा दुए येऊन दाराशी उभा. दोन जागा आणि तीन पोरं. इथे पीएसजीचा कोच लुईस एन्रिकेबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाहीये. कधी वाटतं हा माणूस निर्दय आहे, दहा गोल मारणाऱ्याला सरळ रांगेत मागे पाठवतो. कधी वाटतं एम्बापेची खुर्ची आयती मिळाली असती तर पोरगं तिथेच झोपलं असतं. दोन्ही खरं असेल.

त्याच जानेवारीतली मँचेस्टर सिटीविरुद्धची चॅम्पियन्स लीगची मॅच घ्या. आपल्याकडे रात्री दीडची मॅच, थंडी, घरात सगळे झोपलेले, मी पांघरुणात मोबाईल आणि एका कानात इयरफोन. ०-२. हरले असते तर स्पर्धेतून बाहेर जायची टांगती तलवार. डावीकडून बार्कोला सुटला, आत पास दिला, देम्बेलेचा गोल. चार मिनिटांनी दुएचा शॉट बारवर आपटला आणि परत आलेला बॉल बार्कोलानं आत ढकलला, २-२. मी उठताना उशाशी ठेवलेला तांब्या लवंडला, सगळं पाणी गादीत, आई आतून ओरडली "काय पडलं रे?" काही नाही म्हटलं. ४-२ जिंकलो. (जिंकलो! मी कोण? असो.) ओल्या गादीवर झोपलो पण झोपलो मजेत.

आणि लिव्हरपूल. त्यांच्या मैदानावर, अॅनफिल्डवर, पीएसजीचा तो एकमेव गोल आठवा, आतमध्ये क्रॉस कोणाचा? बार्कोलाचा. त्यांच्या कोनातेचा पाय लागला, गोलकीपर आलिसन चुकला, देम्बेलेनं रिकाम्या जाळ्यात ठेवला. पुढे बार्कोला बाहेर, पेनल्टी शूटआऊट झालं, शेवटची पेनल्टी दुएनं मारली आणि सगळ्यांच्या स्टेटसला दुए. माझ्यापण होता, कबूल करतो.

आता ती गोष्ट जी मला आजही खुपते. २४ मे २०२५, फ्रेंच कप फायनल, रांसविरुद्ध ३-०. बार्कोलाचे दोन गोल, आणि तिसरा हकिमीचा तोही याच्याच पासवर. म्हणजे तिन्ही गोलांत हा. बरोबर एका आठवड्यानंतर म्युनिकला चॅम्पियन्स लीगची फायनल. टीम जाहीर झाली तर बार्कोला बेंचवर. माझा मित्र म्हणाला "अरे पण दुए फॉर्मात आहे". बरोबरच होतं त्याचं. दुएनं त्या रात्री एक पास आणि दोन गोल देऊन एन्रिकेचं म्हणणं पटवून दिलं, कोणाला काय बोलायची सोयच ठेवली नाही. दुसरा गोल मारून शर्ट काढला, यलो कार्ड खाल्लं आणि हॅटट्रिकची संधी असताना चार-पाच मिनिटांत त्याला बाहेर बोलावलं. आत कोण आलं? बार्कोला.

तेव्हा स्कोअर ३-० होता. अशा मॅचमध्ये अर्धा तासही उरलेला नसताना आत येऊन माणूस काय सिद्ध करणार? समोरच्या इंटर मिलानचे बॅक थकलेले, त्यातल्या एकाला यानं गरगरवला आणि शेवटी नेहमीसारखा बॉल वाया घालवला. मी कपाळावर हात मारला. मग ८६ व्या मिनिटाला परत डावीकडून शिरला, मागून १९ वर्षांचा मायुलु पळत आला, त्याला बॉल दिला आणि त्यानं जवळच्या पोस्टकडून ठोकला. ५-०. युरोपियन कपच्या फायनलमधला आजवरचा सगळ्यात मोठा विजय.

तो मित्र ३-० लाच झोपला होता. सकाळी फोन करून विचारतो, "पाचवा कोणी मारला रे?" म्हटलं मायुलु. "हा कोण आता नवीन?" म्हणाला आणि मग दहा मिनिटं आम्ही मायुलुबद्दलच बोललो. पास कोणाचा होता हे त्यानं विचारलं नाही आणि मलाही फोन ठेवेपर्यंत सुचलं नाही.