सर्टिफिकेट वेळेवर आलं, तरी साइट का अडली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लॉगसकट सविस्तर लिहिलंत, त्यामुळे नेमकं काय बिघडलं ते सांगता येतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: माझ्या आधीच्या लेखात दिल्याप्रमाणे तुम्ही सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप मिळवणारं आणि नूतनीकरण करणारं साधन) वापरून वेबरूट पद्धतीने (साइटच्या फोल्डरमध्ये पडताळणीची फाइल ठेवून) लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट घेतलं. ड्राय-रन (नूतनीकरणाची रंगीत तालीम) यशस्वी झाला. तरीही नव्वद दिवसांनी ब्राउझरने ‘मुदत संपली’ म्हणत साइट अडवली. त्यावरून तुमचे निष्कर्ष तीन. फुकटच्या सर्टिफिकेटवर विसंबू नये. वर्षातून एकदा विकतचं घेऊन हाताने बसवणं बरं. आणि नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट रूटच्या (सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकारात क्रॉनमधून (वेळापत्रकानुसार आपोआप) चालवणं हाच मुळात धोका.

पहिले दोन मला पटत नाहीत, तिसऱ्यात तथ्य आहे. साइट अडली त्यात मात्र चूक तुमचीही नाही आणि सर्टिफिकेटचीही नाही. माझ्या लेखात एक पायरी सुटली होती, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

तुमच्या लॉगमध्ये एकसष्टाव्या दिवशी नवं सर्टिफिकेट मिळाल्याची नोंद स्पष्ट आहे. म्हणजे सर्टबॉटने आपलं काम वेळेवर केलं. पण एनजिनएक्स, म्हणजे साइट दाखवणारा वेब सर्व्हर, सर्टिफिकेटची फाइल प्रत्येक भेटीला उघडून बघत नाही. सुरू होताना किंवा रीलोड करताना ती एकदा वाचतो आणि पुढे मेमरीतली प्रतच वापरतो. सर्टबॉटच्या ‘लाइव्ह’ फोल्डरमधल्या फाइली म्हणजे ‘आर्काइव्ह’ फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक असतात. नूतनीकरण झालं की ते बोट क्रमांक एकच्या फाइलवरून क्रमांक दोनच्या फाइलकडे वळतं. डिस्कवर सगळं नवं झालं, आणि एनजिनएक्स मात्र एकोणतीस दिवस जुनीच प्रत दाखवत राहिला. तुम्ही चिडून सर्व्हर रीस्टार्ट केलात आणि साइट ‘आपोआप’ सुरू झाली असं लिहिलंय, त्याचं कारण हेच. रीस्टार्टमध्ये नवी फाइल वाचली गेली.

हे निदान कुणालाही दोन मिनिटांत करता येतं. ओपनएसएसएल या कमांड-लाइन साधनाच्या ‘एक्स ५०९’ (सर्टिफिकेट वाचणाऱ्या) उपकमांडला लाइव्ह फोल्डरमधली ‘फुलचेन’ फाइल द्या आणि ‘एंड-डेट’ विचारा. ही झाली डिस्कवरची तारीख. मग ‘एस-क्लायंट’ या दुसऱ्या उपकमांडने त्याच साइटच्या ४४३ (एचटीटीपीएसच्या) पोर्टला जोडणी करा, मिळालेलं सर्टिफिकेट पाइपमधून पुन्हा ‘एक्स ५०९’कडे पाठवा आणि तीच तारीख विचारा. जोडणी करताना ‘सर्व्हरनेम’ पर्यायात डोमेनचं नाव जरूर द्या. एका आयपीवर अनेक साइट असतील आणि नाव दिलं नसेल, तर सर्व्हर त्याच्या डिफॉल्ट साइटचं सर्टिफिकेट दाखवू शकतो आणि तुम्ही भलत्याच तारखेवरून डोकं खाजवत बसाल. दोन्ही तारखा जुळल्या तर उत्तम. डिस्कवर नवी आणि पोर्टवर जुनी दिसली, तर रीलोड झालेला नाही. दोन्हीकडे जुनीच असेल, तर नूतनीकरणच अडलंय.

उपाय छोटा आहे. ‘ईटीसी’खालच्या लेट्सएन्क्रिप्ट फोल्डरमध्ये ‘रिन्यूअल-हुक्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ‘डिप्लॉय’. तिथे एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे डिप्लॉय-हुक, ठेवा; नवं सर्टिफिकेट मिळालं की सर्टबॉट ती चालवतो: आधी ‘एनजिनएक्स हायफन टी’ने कॉन्फिगची तपासणी, ती पास झाली तरच ‘सिस्टिमसीटीएल’ने एनजिनएक्सला रीलोड. रीस्टार्ट नको. कॉन्फिगमध्ये कुणी अर्धवट बदल करून ठेवला असेल, तर रीस्टार्टमध्ये साइट पूर्ण बंद पडते. रीलोडमध्ये जुना कॉन्फिग चालू राहतो. त्याच सर्टिफिकेटवर मेल सर्व्हरही चालत असेल तर त्याचा रीलोडही याच स्क्रिप्टमध्ये घाला. आणि स्क्रिप्टला ‘सीएचमॉड’ने एक्झिक्यूट करण्याची परवानगी द्यायला विसरू नका. परवानगी नसलेली फाइल सर्टबॉट सोडून देतो.

ड्राय-रनबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. ‘सगळं ठीक’ असं सांगून त्याने फसवलं, असं तुम्ही म्हणता. नेमकं असं आहे की ड्राय-रन लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणी सर्व्हरवर डोमेनची पडताळणी करून बघतो, पण डिप्लॉय-हुक नेहमीच्या ड्राय-रनमध्ये चालतच नाहीत. म्हणजे तुमच्याकडे जी कडी तुटकी होती, तिला त्याने हातच लावला नव्हता. नव्या आवृत्त्यांमध्ये ‘रन-डिप्लॉय-हुक्स’ हा पर्याय ड्राय-रनसोबत देता येतो. तो देऊनच चाचणी करा. ‘फोर्स-रिन्यूअल’ वापरून खऱ्या सर्व्हरवर चाचण्या करू नका. अगदी त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं मिळतात. सहाव्यांदा नकार येतो, आणि नेमकं त्याच आठवड्यात खरं सर्टिफिकेट लागलं तर अडचण होते. कंटेनरमध्ये साइट चालवणारे इथेच अडकतात: सर्टिफिकेटचं फोल्डर कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर नसतं, कंटेनर दर वेळी नव्याने उभा राहताना नवं सर्टिफिकेट मागतो, आणि मर्यादा एका दुपारीच संपते.

आता भरवशाचा प्रश्न. मोफत आणि विकतच्या डोमेन-पडताळणी सर्टिफिकेटमध्ये सांकेतिकीकरणाच्या ताकदीत काहीही फरक नसतो. ती ताकद तुमच्या कीवर आणि टीएलएसच्या (एचटीटीपीएसमागच्या सुरक्षित जोडणीच्या) सेटिंगवर ठरते. तुमची खासगी की लेट्स एन्क्रिप्टकडे जातही नाही. ती तुमच्याच सर्व्हरवर तयार होते, बाहेर जाते ती फक्त सही केलेली मागणी. पैसे घेणारी संस्था म्हणजे जास्त सुरक्षित, असंही इतिहास सांगत नाही. २०११ मध्ये डिजिनोटार या डच कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं बाहेर पडली आणि कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. सिमँटेकच्या सर्टिफिकेटांवरचा विश्वास क्रोमने २०१८ मध्ये पूर्ण काढून घेतला. संस्थेच्या नावाची पडताळणी हवी असेल किंवा करार आणि फोनवर मदत हवी असेल, तर जरूर पैसे मोजा. निव्वळ सुरक्षिततेसाठी मोजायची गरज नाही.

वर्षातून एकदा हाताने बसवण्याची सोय तर आता विकतच्या सर्टिफिकेटलाही उरत नाही. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या नियमानुसार कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. ४७ दिवसांची मुदत म्हणजे वर्षाला किमान आठ वेळा हाताने फाइली बदलणं. एवढ्या वेळा केलेल्या कामात माणूस एकदा तरी चुकतोच.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कर्लने (फाइल उतरवणाऱ्या कमांडने) स्क्रिप्ट उतरवून थेट शेलच्या तोंडात देण्याची पद्धत मी लेखात सहज लिहून गेलो. तसं लिहायला नको होतं. ‘अ‍ॅक्मे डॉट एसएच’ ही सर्टबॉटसारखंच काम करणारी शेल स्क्रिप्ट खूप वापरली जाते आणि चांगलीही आहे. पण जून २०२३ मध्ये तिच्यात एक गंभीर दोष उघड झाला. सर्व्हरकडून आलेल्या मजकुरातला काही भाग ती कमांड म्हणून चालवत होती, आणि एक मध्यस्थ सर्टिफिकेट सेवा त्याचा प्रत्यक्ष वापर करत होती. ३.०.६ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. ज्यांच्याकडे ही स्क्रिप्ट रूट म्हणून चालत होती, त्यांचा अख्खा सर्व्हर त्या सेवेच्या हाती जाऊ शकला असता.

या स्क्रिप्टला रूटचे अधिकार लागतही नाहीत. तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. त्याला पडताळणीच्या फोल्डरमध्ये आणि सर्टिफिकेट ठेवायच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी द्या, आणि ‘सुडोअर्स’मध्ये (कुणाला रूटची कोणती कमांड चालवता येईल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) एकाच कमांडची, एनजिनएक्स रीलोड करण्याची, मुभा द्या. स्क्रिप्ट गिटमधून ठरावीक आवृत्तीची घ्या. तिच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या फाइलींना एनजिनएक्समधून थेट जोडू नका. ‘इन्स्टॉल-सर्ट’ ही उपकमांड वापरा आणि तिथेच ‘रीलोड-सीएमडी’ द्या. एकदा दिलेले मार्ग आणि रीलोडची कमांड ती लक्षात ठेवते आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला वापरते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: ऑगस्ट २०२१ पासून, म्हणजे आवृत्ती ३ पासून, ही स्क्रिप्ट मुळात झीरोएसएसएल या दुसऱ्या सर्टिफिकेट संस्थेकडे जाते. लेट्स एन्क्रिप्टच हवं असेल तर ‘सेट-डिफॉल्ट-सीए’ने तसं सांगावं लागतं.

वाइल्डकार्ड (डोमेनच्या सगळ्या उपडोमेनना चालणाऱ्या) सर्टिफिकेटसाठी डीएनएस पडताळणीच (डोमेनच्या नोंदींमधून ताबा दाखवणं) लागते, आणि तिथला धोका याहून मोठा आहे. डीएनएसचं एपीआय टोकन (त्या नोंदी बदलण्याची चावी) सर्व्हरवर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पडून राहतं. ते चोरीला गेलं तर चोर तुमची साइट आणि मेल दोन्ही दुसरीकडे वळवू शकतो. म्हणून ‘अंडरस्कोर अ‍ॅक्मे-चॅलेंज’ या एकाच नावाची सीनेम नोंद (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) करून ते एका वेगळ्या, रिकाम्या झोनकडे (नोंदींच्या संचाकडे) वळवा आणि टोकन फक्त त्या झोनपुरतं घ्या. मग टोकन गेलं तरी चोराच्या हाती मुख्य झोन लागत नाही. सर्टिफिकेट मिळवण्याचा रस्ता मात्र तरीही उघडा राहतो, तेव्हा टोकन ताबडतोब रद्द करावं लागतंच.

नूतनीकरण अडण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. ‘आता सगळं एचटीटीपीएसवर आहे’ म्हणून कुणीतरी ८० पोर्ट बंद करतं. एचटीटीपी पडताळणी ८० वरच सुरू होते, तिथून ४४३ वर रीडायरेक्ट केलेलं चालतं, पण दार बंद चालत नाही. दुसरं, फायरवॉलमध्ये ठरावीक देशांनाच प्रवेश ठेवलेला असतो. फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळणी करतं, त्यामुळे एका ठिकाणाला वाट देऊन भागत नाही. तिसरं सगळ्यात फसवं: सर्व्हर बदलताना आयपीव्ही४ पत्त्याची ए नोंद बदलली जाते आणि आयपीव्ही६ची क्वाड-ए नोंद जुन्याच सर्व्हरकडे राहते. पडताळणी आधी आयपीव्ही६वर जाते. जुना सर्व्हर जिवंत असेल तर तो ‘४०४’ देतो आणि विषय तिथेच संपतो. आयपीव्ही४कडे ती वळते, पण जोडणीच झाली नाही तर. तुमच्या ब्राउझरमध्ये साइट नीट दिसत असते, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही.

यापैकी काही घडलं तर कळणार कसं, हे तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायचा. ती सेवा ४ जून २०२५ रोजी बंद झाली. तेव्हा पहारा आपणच ठेवायचा, आणि तोही त्या सर्व्हरवरून नको, दुसऱ्या मशिनवरून. वरची ‘एस-क्लायंट’ची तपासणी रोज एकदा क्रॉनमधून चालवा आणि ‘एक्स ५०९’ला ‘चेक-एंड’ पर्यायात १८१४४०० हा आकडा द्या. हे २१ दिवसांचे सेकंद आहेत. तेवढ्या काळात मुदत संपणार असेल तर कमांड शून्याऐवजी एक हा एक्झिट कोड देते, त्यावरून मेल पाठवा. जोडणीच झाली नाही तरीही मेल गेला पाहिजे, ती अट वेगळी घाला. नव्वद दिवसांच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण ३० दिवस उरले असताना होतं. म्हणजे २१वर इशारा आला तर समजायचं, नऊ दिवस प्रयत्न फसताहेत आणि दुरुस्तीला तीन आठवडे हातात आहेत. पुढे लेट्स एन्क्रिप्टची मुदत ४५ दिवसांवर आली की एक तृतीयांश, म्हणजे साधारण १५ दिवस उरल्यावर नूतनीकरण होईल. तेव्हा हा आकडा १० दिवसांवर, म्हणजे ८६४००० वर आणा, नाहीतर सगळं सुरळीत असतानाही प्रत्येक नूतनीकरणाआधी काही दिवस रोज मेल येत राहील.

मूळ लेखात डिप्लॉय-हुकची पायरी आणि वेगळ्या वापरकर्त्याची मांडणी घातली आहे, कर्लची ओळ काढून टाकली आहे. तुमच्या सर्व्हरवर रीस्टार्टमुळे सध्या नवं सर्टिफिकेट लागलेलं आहे, पण हुक अजून नाही. पुढचं नूतनीकरण होण्याआधी तो बसवा आणि एक्झिक्यूटची परवानगी तपासा. बसवल्यावर ‘रन-डिप्लॉय-हुक्स’सह केलेल्या ड्राय-रनचा लॉग इथेच टाकलात तर बघून सांगतो.