एक ओळच तर आहे!
बँडच्या टी-शर्टसाठी परवानग्या बघणं हे माझं काम, आणि सकाळपासून हा चौथा फोन. "मॅडम, टी-शर्टवर गाण्याची एक ओळच तर छापायचीय, त्याला कसली परवानगी?" अहो, शब्द गीतकाराचे नाहीतर म्युझिक पब्लिशरचे (म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे), फोटो फोटोग्राफरचा, बँडचं नाव ट्रेडमार्क. प्रत्येकाचं दार वेगळं! आपल्याकडे गीतकार गेल्यावरही 60 वर्षं हक्क राहतो, हे सांगून सांगून जीभ झिजली. तिकडे तिरुपूरला माल शिवून तयार, शनिवारी कॉन्सर्ट, आणि लोगोचा लाल जरा विटकरी आला म्हणून लंडनहून बँडकडून सॅम्पल नापास. तेही तिसऱ्यांदा! दीड वाजता उघडलेला डबा तसाच पडलाय, भेंडी पार वाळली. तेवढ्यात पाचवा फोन: "फोटो गूगलवरून घेतलाय, मग तर चालेल ना?"