पोळ्याला येते का?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या मोठ्या काकांनी घरच्या ग्रुपवर पुतणीला विचारलं, "पोळ्याला येते का?" ती पुण्याला शिकते. तिचं उत्तर आलं, "आयडीके टीबीएच, टीटीवायएल." काकांना काही उमगलं नाही. "हे पोट्टे मराठी मारून राह्यले," असं त्यांनी लिहिलं, आणि दोन दिवस घरात दोन तट पडले.

मी मेलबर्नला नर्स आहे. इथून वाचताना वाटलं, भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय. आद्याक्षरांनी मराठी मरायची असती तर कधीच मेली असती. मी होस्टेलवर होते तेव्हा काकांची निळी आंतरदेशीय पत्रं यायची. वर 'चि.', मजकूर संपल्यावर 'ता. क.', आणि खरी बातमी त्या ताज्या कलमातच. मी उत्तरात 'ति.' आणि 'सा. न. वि. वि.' लिहायचे. पण साष्टांग नमस्कार विनंती विशेष हे आम्हाला शाळेत पत्रलेखनाच्या तासाला फोडून सांगितलेलं होतं. नागपुरातला सीए रोड म्हणजे सेंट्रल अव्हेन्यू, हेही कुणीतरी कधीतरी सांगितलंच असेल ना!

'ओएमजी' तरी कुठे आजच्या पोरांचं आहे? १९१७ साली ब्रिटिश नौदलाचे लॉर्ड फिशर यांनी चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं. तेव्हा फिशर ७६ वर्षांचे होते. आणि अक्षरांपुढेच कंसात त्यांनी 'ओह! माय गॉड!' असा अर्थ लिहून दिला. तो कंस मला फार मोलाचा वाटतो.

इथले लोक तर शब्द तोडल्याशिवाय बोलतच नाहीत. आफ्टरनूनचं 'आर्व्हो', पेट्रोल पंपाचं 'सर्व्हो', अँब्युलन्सवाल्यांचं 'अँबो'. पहिल्याच आठवड्यात ड्युटी बदलताना कुणीतरी म्हणालं, आर्व्होला अँबो येतील, पेशंट तयार ठेव. मी हातात चार्ट धरून नुसती उभी. शेजारच्या वयस्क सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिने हळूच दोन्ही शब्द सांगितले, आणि पुढचा महिनाभर माझ्याशी बोलताना ती पूर्ण शब्द वापरत राहिली.

बोलताना एवढी मोकळीक, पण औषधाच्या कागदावर मात्र अजिबात नाही. तिथे युनिटऐवजी नुसता 'यू' लिहायचा नाही. घाईच्या अक्षरात तो शून्यासारखा दिसतो आणि ४ युनिट इन्शुलिनचे ४० होतात. लिहिणाऱ्याचे दोन सेकंद वाचतात, भोगतो पेशंट.

म्हणून मैत्रिणींमध्ये पोरीने काय हवं ते तोडावं, मला काही म्हणायचं नाही. पण सत्तरी ओलांडलेला माणूस सणाला येते का विचारतो, तेव्हा त्याला अख्खं वाक्य मिळालं पाहिजे. मागच्या वर्षी काकू गेल्या तेव्हा ग्रुपवर एकाखाली एक नुसतं 'आरआयपी' येत होतं. मला येता आलं नव्हतं. मी इथे बसून ती तीन अक्षरं वाचत होते. काकांचा राग तेव्हापासूनचा आहे, असं मला वाटतं. आणि तो रास्त आहे.

काका, आयडीके म्हणजे 'आय डोन्ट नो', माहीत नाही. टीबीएच म्हणजे 'टू बी ऑनेस्ट', खरं सांगायचं तर. टीटीवायएल म्हणजे 'टॉक टू यू लेटर', मग बोलते. पोरीने लिहिलं होतं, "खरं सांगू का, अजून माहीत नाही, नंतर बोलते." तिला फोन करा. तिची परीक्षा पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आहे.