‘जवान विचार करत नाही’ म्हणे!

आमच्या पारोळ्याच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: “जवान विचार करत नाही, हुकूम पाळतो. विचारलं की कोर्ट मार्शल. जबाबदारी हुकूम देणाऱ्याची.” खाली तिरंग्यांची रांग. भावना समजते. मजकूर मात्र बहुतेक चूक.

आधी ‘विचारायचं नसतं’ हे घेऊ. बसस्टँडजवळच्या टपरीवर आमचे निवृत्त हवालदार आबा रोज सकाळी असतात. त्यांना मेसेज दाखवला. त्यांनी बशी उपडी ठेवली: ही टेकडी. तीन भजी मांडली: ह्या तीन सेक्शन, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकड्या. “कंपनी कमांडर सांगतो, पहाटे पाचला टेकडी पाहिजे. नाल्यातून जायचं की बांधाआडून, ते मी पाहणार. तिथं साहेब नसतो.” आणि हुकूम सांगून झाला की साहेबच विचारतो, “कोई शक?” शंका तेव्हाच काढायची. गोळीबार सुरू झाल्यावर चर्चा नाही, हे आबाही मानतात. मेसेजमधलं तेवढं खरं. “पण डोकं घर ठेईसन कोन्ही लढस का भो?” म्हणत त्यांनी डावीकडची सेक्शन खाऊन टाकली.

कोर्ट मार्शलचं म्हणाल, तर १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद सांगतं. पण कोणता हुकूम? कायदेशीर. हा शब्द कलमातच आहे, मेसेजवाल्यानं तो गाळला.

आणि विचार करणारा जवान कामाचा नसेल, तर नामदेव जाधवांचं काय करायचं? नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. काम कंपनी रनरचं, म्हणजे निरोप पोचवायचा. सोबतचे पडले तेव्हा त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेलं आणि मग मशीनगनवर चालून गेले. रनरच्या कामात यातलं काय बसतं? त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक.

अरुण खेत्रपालांनी तर हुकूम सरळ नाकारला. १६ डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध, बसंतर नदीची लढाई. रणगाडा पेटलेला, रेडिओवर वरिष्ठ सांगतायत बाहेर पड. तोफ चालतेय, रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र. (ते अधिकारी होते, जवान नव्हे, असं कोणी म्हणेलच. मग हुकूम फक्त जवानालाच असतो काय?)

राहिली जबाबदारी. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी बायकापोरं मारली. त्यांचा अधिकारी लेफ्टनंट कॅली कोर्टात म्हणाला, मी हुकूम पाळला. १९७१ मध्ये तो दोषीच ठरला. त्याच सकाळी ह्यू थॉम्पसन या वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच सैनिकांच्या मधे उतरवलं, माणसं बाहेर काढली. मायदेशी त्याला धमक्या आल्या. त्याबद्दलचं सोल्जर्स मेडल हे अमेरिकी लष्कराचं शौर्यपदक हातात पडायला १९९८ उजाडलं.