साहेबांची तारीख मिळाली का?

गावातलं वस्तुसंग्रहालय तुमच्याकडे आलंय, तेही अतिरिक्त कार्यभार म्हणून, आणि पुढच्या महिन्यात प्रदर्शन भरवायचंय. काळजी सोडा. वस्तूंचं काय ते शेवटी बघता येतं. आधी साहेबांची तारीख घ्या. तारीख मिळाली की मांडव, मांडव ठरला की फ्लेक्स. फ्लेक्सवर सगळे चेहरे मानाप्रमाणे बसवून कोपऱ्यात जागा उरलीच, तर प्रदर्शन कशाचं आहे तेही लिहून टाका.

दालनाला रंग आदल्या रात्री मारून घ्या. मूर्ती हलवायच्या भानगडीत पडू नका. ऑइलपेंटचे चार शिंतोडे उडाले तर उडाले. यादवांच्या काळापासून ऊनपाऊस सोसलाय तिने, तुमचा रंगारी काय चीज आहे!

दीपप्रज्वलनाची समई जुन्या पैठण्यांच्या कपाटाला खेटून ठेवा. फोटो झकास येतो.

उजेडाचं मात्र मनावर घ्या. जुना कागद आणि कापड यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा जगभरचा रिवाज आहे, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. पण इतक्या मिणमिणत्या उजेडात साहेब काय पाहणार, आणि साहेबांना कोण पाहणार? मांडववाल्याकडूनच दोन हॅलोजन मागवा.

डांबरगोळ्या. भरपूर.

धातूच्या वस्तू पितांबरीने घासून लख्ख करा. ताम्रपट असेल तर अक्षरं जाईपर्यंत घासा. वाचणारं कोण बसलंय?

लेबल लिहिताना हात आखडता असू द्या. 'मूर्ती. दगड.' बास. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. कुठे आणि कशाबरोबर सापडली याची नोंद राहिली, म्हणून पंचगंगेच्या काठापर्यंत रोमचा व्यापार कसा पोचला होता ते आज सांगता येतं. हीच मूर्ती तुमच्या हाती पडली असती तर? 'बाहुली. धातू. शिवकालीन.' शिवकालीन हे कुठेही चालतं. उलट विचारायची कोणाची छाती होत नाही.

दालनाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा आणि त्याची रजा मंजूर करा.

आता कागदपत्रं. इथे नीट लक्ष द्या, कारण हे काम कसं करतात ते मी नुकतंच जवळून पाहिलंय. तालुक्याच्या इतिहासाचं प्रदर्शन असलं की आधी जुन्या घरांतून फेरी मारायची. "काका, तुमच्या माळ्यावर काही असेलच ना?" म्हणत चहा घ्यायचा. आमच्याकडे खापरपणजोबांची मोडी लिपीतली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही होती, शके १७९८ ची. म्हणजे १८७६ चा मोठा दुष्काळ सुरू झाला तेव्हाची. ज्वारी कुठल्या आठवड्यात काय भावाने गेली, कोणाला किती पायल्या उसन्या दिल्या, सगळं आहे. काही नावांपुढे नुसतं 'गाव सोडला' एवढंच. असं काही हाती लागलं की पावती निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर द्यायची आणि खाली किरटी सही ठोकायची. साताऱ्याला जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली, ती रीतसर करार करून, ठरलेल्या मुदतीसाठी. ते परदेशी संग्रहालय पडलं, त्यांना लागतात असले सोपस्कार. आपण घरची माणसं!

मग ती रोजकीर्द चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायची. शिवण उसवायची, पानं सुटी करायची आणि एकेक पान लॅमिनेट करून आणायचं. हो, लॅमिनेट. रेशनकार्डासारखं. तापलेल्या रुळांतून पान गेलं की प्लास्टिकचा चिकट थर कागदाच्या तंतूंत घट्ट बसतो. पुढे कोणी सोडवायला गेलं तर कागदाचा पापुद्रा निघून येतो आणि त्याच्याबरोबर शाईही. जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून डागडुजी केली तर ती ओलावा देऊन पुन्हा काढता येते, म्हणून जाणकार तशीच करतात. पण त्याला जाणकार लागतो, वेळ लागतो. झेरॉक्सवाला कसा, उभ्या उभ्या देतो. पानं प्लास्टिकच्या मापात बसेनात, तर त्याने कडा कात्रीने सरळही करून दिल्या. समासात हातच्याच्या बेरजा होत्या आणि एका ठिकाणी पावसाची नोंद होती. गेलं सगळं केराच्या टोपलीत.

शेवटी ते पान काचेमागे उलटं लावायचं. मोडी येत नाही, मान्य. पण मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि अक्षरं त्या रेघेला खाली टांगत जातो. डोळे उघडे असले तरी वरची बाजू कळते हो, मोडी यावी लागत नाही! आणि खाली लेबल काय, तर 'प्राचीन ग्रंथ. शिवकालीन.' ग्रंथ? वाण्याच्या हिशेबाची वही आहे ती. आणि पानावर शक घातलाय!

मी विचारायला गेलो तर प्रभारी हसून म्हणाले, "काका, आता पाण्यात पडली तरी काही होणार नाही."

काही होणार नाही! जे व्हायचं ते तुम्ही करून बसलात. त्या वहीला माळ्यावर दीडशे वर्षं उंदरांनी सोडलं, वाळवीने सोडलं, आमच्या घरच्या तीन वाटण्यांनी सोडलं. तुम्ही सोडलं नाहीत. आणि वर निधी नाही म्हणून रडता? वही होती तशी, खाली मऊ आधार देऊन, अर्धवट उघडून काचेखाली ठेवायला काय खर्च येत होता? खर्च तर तुम्ही नासधूस करायला केलात! लॅमिनेशनचं बिल लावलंत ना फाइलला?

"लहान गाव आहे" हेही ऐकवू नका. सातारा जिल्ह्यातलं औंध काय मुंबई आहे? तिथे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आहेत तिथे, हेन्री मूरचं शिल्प आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं असली घरगुती चीजवस्तू गोळा करण्यात आयुष्य घातलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या हवाली केलं. त्यांना काय अतिरिक्त कार्यभाराचा भत्ता मिळत होता?

आमच्या आळीतून तुम्ही आणखी काही घरांची दप्तरं नेलीत. त्यातलं एकही पान त्या यंत्रात घालायचं नाही. कुठलं दप्तर कोणाचं, किती पानांचं, आलं तेव्हा कसं होतं, ते फोटो काढून रजिस्टरात उतरवा आणि मालकाची सही घ्या. पानं चाचपताना तंबाखूचे हात धुवा. कळत नसेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात विचारा, पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळतात ते लोक. फोन लावायला निधी लागत नाही. आणि हे उद्घाटन झाल्यावर नाही, आज करा.