लेखात कोसंबी राहून गेले की!

पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांवरचा तुमचा लेख चांगलाय, पण त्यात म्हटलंय तसं या ग्रंथांचं संशोधन म्हणजे लंडन-हार्वर्डचं काम, आपले लोक फक्त पोथ्या पुरवायला, हे काही पटलं नाही. अहो, गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी कुठे गेले? घरदार सोडून श्रीलंकेत जाऊन पाली शिकले आणि अमेरिकन अभ्यासक वॉरन १८९९ ला वारल्यावर अर्धवट पडलेलं ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध साधनेवरच्या पाली ग्रंथाचं संपादन बघायला हार्वर्डने १९१० मध्ये त्यांनाच बोलावलं. तिथे श्रेय कोणाचं यावरून तिथले संस्कृतचे प्रो. लॅनमन यांच्याशी वाजलं, वैतागून परत आले, तरी पुढे पुन्हा जाऊन काम केलंच, आणि ते छापून आलं कधी तर १९५० ला, कोसंबी जाऊन तीन वर्षं झाल्यावर!

मधे १९४० ला कोसंबींनी संपादलेली याच ग्रंथाची देवनागरीतली आवृत्ती मुंबईतून निघाली, तीही लेखात नाही. मी कॉलेजात पाली घेतलं तेव्हा लायब्ररीत तीच मिळाली, बाइंडिंग पार खिळखिळं, पण परदेशी आवृत्त्यांसारखं रोमन अक्षरांवरच्या टिंबं-रेघांशी न झगडता सरळ वाचता यायचं. मुलगा, इतिहासकार डी. डी. कोसंबी, सगळ्यांना माहीत, वडिलांना मात्र तळटीपेतही जागा नाही, हे जरा अतीच झालं.