बाजार उठताना उरलेले खेळाडू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाच्या ड्राफ्टमधल्या पाचव्या ते सातव्या फेरीतल्या निवडींवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि जे पटलं नाही ते स्पष्ट लिहिलंत, याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात सांगतो. ड्राफ्टमध्ये संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने विद्यापीठांतले खेळाडू निवडतात; त्याच्या शेवटच्या फेऱ्या म्हणजे बाजार उठताना उरलेली भाजी, असं तुम्ही म्हणता. तिच्यात ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) निघाला तो नशिबाने. ज्या संघाने त्याच वर्षी आठ वेळा त्याला ओलांडून दुसऱ्याला घेतलं, त्याच्या पारखीचं कौतुक कशाला? त्यापेक्षा या निवडी एकत्र करून वरची एखादी मिळवावी आणि उरलेल्या जागा ड्राफ्ट न झालेल्या मुलांमधून भराव्यात. शेवटी तुम्ही विचारलंत, की या मुलांची पारख करायची म्हणजे नेमकं बघायचं तरी काय?

आठ वेळा ओलांडलं हे खरंच आहे. २०२२ मध्ये पर्डी २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याच्याआधी नुसत्या सहाव्या फेरीत संघाने तिघांना घेतलं होतं. हा मुलगा पुढे संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेईल असं कोणाला वाटलं असतं, तर तो तिथवर उरलाच नसता. मीही तसा दावा केलेला नाही. संघाला दिसलं होतं ते एवढंच : आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला, उंची बेताची, फेकीत फार जोर नाही, पण चेंडू वेळेवर सोडणारा मुलगा. प्रशिक्षक काइल शॅनहन यांच्या आक्रमणात रिसीव्हर (फेकलेला चेंडू पकडणारा) वळायच्या आत चेंडू हातातून सुटावा लागतो. तिथे फेकीच्या जोरापेक्षा अंदाज आणि वेळ महत्त्वाची. तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून त्याला घ्यायला तेवढं कारण पुरेसं होतं. त्या हंगामात आधी ट्रे लान्स आणि मग जिमी गरोपोलो जखमी झाले आणि डिसेंबरमध्ये पर्डीच्या हाती संघ आला, हे मात्र नशीब. ते मी नाकारत नाही.

पण मधला एक टप्पा तुम्ही विचारात घेतलेला नाही. ऑगस्ट २०२२. नव्वद खेळाडूंमधून ५३ ठेवायचे असतात. संघाने अनुभवी नेट सडफेल्डला मोकळं केलं, त्याला हमी दिलेल्या पैशांवर पाणी सोडलं आणि पर्डीला ५३ जणांत ठेवलं. त्याला प्रॅक्टिस स्क्वाडवर (५३ जणांबाहेरच्या, सरावापुरत्या तुकडीत) ढकलायचं तर आधी वेव्हरवर टाकावं लागलं असतं, म्हणजे उरलेल्या ३१ संघांपैकी कोणीही उचलून नेला असता. तो धोका त्यांनी घेतला नाही. एप्रिलमध्ये शेवटचा निवडलेला मुलगा ऑगस्टमध्ये गमवायचा नाही असं ठरतं, तेव्हा मधल्या चार महिन्यांत कोणीतरी त्याला रोज नीट पाहिलेलं असतं. शेवटच्या फेऱ्यांची पारख ड्राफ्टच्या रात्री संपत नाही, ती अशी पुढे चालू राहते.

याच संघाची उलटी गोष्टही आहे. २०१८ मध्ये त्यांनी १४२व्या क्रमांकावर, पाचव्या फेरीत, कॅन्सस स्टेटचा डी. जे. रीड घेतला. उंची फक्त ५ फूट ९ इंच, म्हणून मागे राहिलेला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू. निवड अचूक होती. पण २०२०च्या उन्हाळ्यात त्याच्या छातीचा स्नायू फाटला, संघाने त्याला वेव्हरवर टाकलं आणि त्यांच्याच गटातल्या सिएटल सीहॉक्सने तो उचलला. पुढच्या हंगामात तो तिथे मुख्य कॉर्नर झाला आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला मोठा करार दिला. मुलगा ओळखला, पण राखला नाही. हे नशीब म्हणायचं की चूक? माझ्या मते चूक, आणि टाळता येण्यासारखी.

आता भाजीबद्दल. तुमची उपमा मला चालेल, पण उरलेल्या भाजीतही किडकी वेगळी आणि नुसती वाकडी वेगळी. पाचव्या फेरीनंतर शिल्लक असलेल्या प्रत्येक मुलाला शिल्लक राहायचं काहीतरी कारण असतं. ते कारण नेमकं कोणतं आणि आपल्या संघात त्याने किती बिघडतं, हे ओळखणं म्हणजेच या फेऱ्यांचं स्काउटिंग. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

टाइट एंड (ब्लॉकिंग करणारा आणि झेलही घेणारा खेळाडू) जॉर्ज किटल घ्या. २०१७, पाचवी फेरी, १४६वा. आयोवा विद्यापीठाच्या संपूर्ण कारकिर्दीत त्याचे झेल फक्त ४८. कारण उघड होतं : आयोवाचा संघ धावून खेळणारा, तिथे टाइट एंडचं पहिलं काम ब्लॉकिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणं. चाळीस यार्ड तो ४.५२ सेकंदांत धावला होता, म्हणजे वेग होता, आणि ब्लॉकिंग त्याला येतच होतं. आकडे कमी होते ते त्याच्या संघाच्या पद्धतीमुळे. दुसऱ्याच हंगामात त्याने १,३७७ यार्ड काढले. टाइट एंडसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच ड्राफ्टमध्ये किटलच्या आधी, चौथ्या फेरीत, याच संघाने जो विल्यम्स नावाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेतला होता. तो नियमित हंगामाचा एकही सामना खेळला नाही. एकाच टेबलावरच्या माणसांनी दोन्ही निर्णय घेतले, त्यामुळे जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि शॅनहन यांना दिव्यदृष्टी आहे असं मी म्हणत नाही.

जॉआन जेनिंग्ज हे मला त्याहून आवडणारं उदाहरण. २०२०, सातवी फेरी, २१७वा. कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) चाळीस यार्डांना ४.७२ सेकंद. रिसीव्हरसाठी हा आकडा इतका वाईट, की बहुतेक संघांनी त्याचं नाव तिथेच खोडलं असणार. पण टेनेसीकडून खेळताना पाडायला अंगावर आलेल्याची पकड झटकून पुढे जाणं ही त्याची ओळख होती. शॅनहनच्या पद्धतीत रिसीव्हरला धावेच्या खेळीत ब्लॉक करावं लागतं आणि आखूड पास पकडून माणसं अंगावर घेत पुढे सरकावं लागतं. लांब पळून जाणारा रिसीव्हर हवा असलेल्या संघात जेनिंग्जचा दोष मारक ठरला असता, इथे तो सोसण्यासारखा होता. पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वाडवर गेलं. फेब्रुवारी २०२४च्या सुपर बोलमध्ये त्याने एक टचडाउन पास फेकला आणि एक स्वतः पकडला. २०२४च्या हंगामात ९७५ यार्ड.

त्याच वर्षीचा कोल्टन मॅकिव्हिट्झ, १५३वा, तर २०२१ मध्ये संघाने काढूनच टाकला होता. कोणी उचलला नाही, म्हणून प्रॅक्टिस स्क्वाडवर परत आला. जानेवारी २०२२ मध्ये नेहमीचा डावा टॅकल ट्रेंट विल्यम्स जखमी असताना, प्लेऑफचा रस्ता ठरवणाऱ्या रॅम्सविरुद्धच्या सामन्यात डाव्या टॅकलच्या जागी (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या रांगेतली कडेची जागा) तोच उभा होता, आणि तो सामना संघाने जादा वेळेत २७-२४ जिंकला. २०२३ पासून तो उजवा टॅकल. तो ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतला) नाही, त्याच्यावर टीकाही बरीच होते. पण पाचव्या फेरीतून सुरुवातीपासून खेळणारा टॅकल मिळणं ही फार मोठी कमाई आहे, आणि तुमच्या ‘पर्डी की शून्य’ या हिशेबात अशा माणसाला जागाच नाही. माझी मुख्य तक्रार हीच. शेवटच्या फेऱ्यांचं माप तारे किती निघाले हे नसावं. ५३ जणांतल्या खालच्या पंधरा-वीस जागा कोण भरतं आणि वेळ आल्यावर कसं खेळतं, हे माप असावं.

निवडी एकत्र करून वर जाण्याबद्दल. २०२१ मध्ये संघाने हेच केलं. चौथ्या फेरीच्या दोन निवडी मोजून ८८व्या क्रमांकावर ट्रे सर्मन हा रनिंग बॅक घेतला. मग त्याच ड्राफ्टमध्ये १९४व्या क्रमांकावर एलायजा मिचेल हा दुसरा रनिंग बॅक घेतला. मिचेलने त्या हंगामात ९६३ यार्ड धावून संघाचा नवोदितांचा विक्रम केला. सर्मनला एका हंगामानंतर सोडून दिलं. दुखापतींनी मिचेलचं पुढे फार नुकसान केलं, तेही खरं. पण ज्या जागी वेग आणि एका पावलात दिशा बदलणं एवढंच हवं होतं, तिथे वर जाण्यासाठी दिलेली किंमत वाया गेली. आणि वर जाण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे लान्स : पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला दिलेला.

ड्राफ्ट न झालेल्या मुलांचा मुद्दा जास्त गंभीर आहे. आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली नसते. निवडलेल्या मुलाला पर्याय नसतो, पगार क्रमांकावरून जवळजवळ ठरलेला असतो आणि करार चार वर्षांचा. पर्डीची चार वर्षं सुमारे ३७ लाख डॉलर्सची होती. लान्सची ३ कोटी ४० लाखांची. सातवी फेरी संपली की मात्र बाजू उलटते. आता मुलगा आणि त्याचा एजंट संघ निवडतात, जिथे त्या जागेवर गर्दी कमी असेल तिथे जातात, आणि करार तीन वर्षांचा होतो. ज्या संघाकडे आधीच चांगले खेळाडू आहेत, त्याच्याकडे यायला अशी मुलं कचरतात. म्हणून चांगल्या संघाला सातव्या फेरीची निवड जास्त उपयोगाची. पाच मिनिटांनी ज्याच्यासाठी इतरांशी स्पर्धा करावी लागली असती, तो मुलगा हक्काने मिळतो.

स्पेशल टीम्सबद्दल (किकच्या खेळींत उतरणाऱ्या तुकड्यांबद्दल) तुम्ही एका ओळीत ‘तिथे कोणीही चालतो’ असं लिहिलंत. तोच सुपर बोल आठवा. लास व्हेगास, तिसरं सत्र, फोर्टीनायनर्स १०-६ ने पुढे. कॅन्सस सिटी चीफ्सचा पंट (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे सोपवताना लांब मारलेली किक) आखूड पडला आणि डॅरेल लूटरच्या पायाला लागला. लूटर म्हणजे २०२३ची पाचवी फेरी, १५५वा. चेंडू जिवंत झाला, म्हणजे कोणालाही घेता येण्यासारखा झाला; फोर्टीनायनर्सच्या रे-रे मॅक्लाउडला तो सावरता आला नाही आणि चीफ्सच्या जेलन वॉटसनने १६ यार्डांच्या रेषेजवळ तो ताब्यात घेतला. वॉटसन २०२२चा, सातवी फेरी, २४३वा. पुढच्याच खेळीत चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सचा टचडाउन पास, १३-१०. सामना जादा वेळेत २५-२२ असा चीफ्सकडे गेला. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याला कलाटणी देणाऱ्या त्या खेळीत दोन्ही बाजूंना शेवटच्या फेऱ्यांतली मुलं होती. तिथे कोणीही चालत नाही.

अपयशही सांगतो. २०२३च्या सातव्या फेरीतून ब्रेडन विलिस, रॉनी बेल आणि जेलन ग्रॅहम असे तिघे आले, पण जागा पक्की करणारा एकही निघाला नाही. अशी वर्षं येतात, आणि ती प्रत्येक संघाला येतात.

तर बघायचं काय? ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही गुण देऊ नका. मुलगा मागे का पडला याचं कारण एका वाक्यात लिहून ठेवा : जखम, उंची, वेग, जागा बदललेली, लहान विद्यापीठ. मग ऑगस्टमधल्या तीन सराव सामन्यांत तो पंट आणि किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या किकच्या) पहिल्या तुकडीत आहे का ते पाहा. प्रशिक्षकाचा विश्वास आधी तिथे दिसतो. २०२४ पासून किकऑफचा नियम बदलल्याने चेंडू परत आणण्याचं प्रमाण वाढलंय, त्यामुळे उघड्या मैदानात टॅकल करू शकणारे, म्हणजे धावणाऱ्याला पाडू शकणारे, लाइनबॅकर आणि सेफ्टी या बचावपटूंची किंमत वाढली आहे. ज्याचा सगळा खेळ चौथ्या सत्रातल्या आक्रमणात आहे आणि किक तुकड्यांत तो दिसतच नाही, त्याच्यासाठी कपातीचा दिवस कठीण जातो, मग त्याने कितीही सुंदर झेल घेतलेला असो. क्वार्टरबॅक तेवढा याला अपवाद.

तुमच्या आवडत्या संघाच्या शेवटच्या तीन फेऱ्यांतली नावं आणि तुमच्या मते ते मागे पडण्याची कारणं खाली लिहा. तीन हंगामांनंतर त्या यादीवर तुमच्याशी पुन्हा वाद घालायला मला मनापासून आवडेल.